उजेडाविना गेलेल्याचं मेण

सासूने दिलेलं मेण नखाने खरवडायचं, नाकाशी धरायचं, वर दाढेखाली घालून चावायचं आणि मग तोंड वर करून "आई, हे मेण नाही" असं सांगायचं, असली सून झाम्फिराने आपल्या एकाहत्तर वर्षांत पाहिली नव्हती. तिच्या काळी सुना थोरामोठ्यांपुढे डोळे वर करत नसत. आणि ही चावलेला भुगा तळहातावर थुंकून सासूच्या नाकासमोर धरते!

"बघा. भुगा झाला. खरं मेण चावलं की मऊ पडतं, असं चुरत नाही."

"बरं. माझं मेण खोटं. उद्या म्हणशील माझे दात खोटे."

"ते खोटेच आहेत, आई. मीच नाही का क्रायोवाला नेऊन बसवून आणले?"

झाम्फिराने हातातला चमचा टेबलावर आपटला. पण उठून गेली नाही. जाऊन चालणार नव्हतं, काम तिचंच अडलं होतं.

लेनुत्सा तिच्या एकुलत्या एका मुलाची, तुदोरची बायको. तुदोर जर्मनीत ट्रक चालवायचा, नाताळला यायचा आणि ऑगस्टमध्ये यायचा. मधल्या दिवसांत लेनुत्सा मागच्या अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात बरण्यांतल्या मेणबत्त्या करायची आणि शनिवारी क्रायोवा शहराच्या बाजारात विकायची. गोणीतलं सोयाबीनचं मेण, विकतची सुती वात, मोहरीच्या नाहीतर मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या आणि वरून अत्तराचे थेंब. तीन वर्षं झाम्फिराने त्या मेणबत्त्यांवर तोंडसुख घेतलं होतं. सोयाबीन डुकरांना घालतात, म्हणायची. उजेड म्हणजे काय काकडी आहे, झाकण लावून मुरत ठेवायला?

आणि हीच झाम्फिरा त्या मंगळवारी सकाळी आपल्या पायांनी अंगण ओलांडून आली होती. मेणाची एक पिवळी ढेप आणि ताग काततात तशी घरी कातलेली भांगेच्या धाग्याची लडी तिने टेबलावर ठेवली होती.

"तुझ्या त्या बरणीतली एक करून दे. पण मेण माझं, धागा माझा. रविवारी टेकडीवरच्या कबरस्तानात लावायची आहे. दुपारी बारापासून सूर्य बुडेपर्यंत जळली पाहिजे. एकदाही विझता कामा नये."

कोणासाठी, ते सांगायची गरज नव्हती. रविवारी तिच्या नवऱ्याचं, ग्लिगोरचं, वर्षश्राद्ध होतं.

त्या गावात माणसाच्या छातीत घरघर लागली की लोक पाद्रीच्या आधी झाम्फिराचं दार वाजवत. प्राण जाताना हातात पेटती मेणबत्ती हवी. नाहीतर पलीकडे गेलेल्याला वाट दिसत नाही, तो अंधारात चाचपडत राहतो. ही गोष्ट तिथल्या पाळण्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक. झाम्फिराच्या घरी मधमाश्या, झाम्फिराच्या हातचं मेण, आणि वेळ आली की थंड पडत चाललेली बोटं मेणबत्तीभोवती घट्ट मिटवायला झाम्फिराच. तीसेक माणसांना तिने असं उजेडात पाठवलं होतं. बाया म्हणत, झाम्फिरा असली की मरायची भीती नाही. ते ऐकलं की ती मान जरा ताठ करायची.

ग्लिगोर गेल्या वर्षी मार्चमध्ये मधमाश्यांच्या पेट्यांजवळच्या बाकावर गेला. उजेडात गेला ना, असं सगळ्यांनी विचारलं. गेला, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर चाळीस दिवस घरात लावायची मेणबत्ती तिने स्वतःच्या हातांनी केली. मेलेल्या माणसाच्या उंचीएवढा धागा मापून घ्यायचा, मेणात बुडवून वळायचा, सापासारखं वेटोळं करायचं आणि रोज थोडं थोडं जाळायचं. ती मेणबत्ती विझायची. दार बंद, खिडकी बंद, वारा नाही, तरी विझायची. ज्योत आधी निळी व्हायची, मग मण्याएवढी, मग कोणीतरी वरून तळवा ठेवल्यासारखी नाहीशी. झाम्फिरा इकडेतिकडे बघून पुन्हा लावायची.

आणि मग काड्या सुरू झाल्या.

चुलीवरच्या फळीवर काड्यापेटी असायची. सकाळी उठून बघावं तर पेटी उघडी, काड्या फळीवर, जमिनीवर, दारापर्यंत सांडलेल्या. एकही ओढलेली नाही. गुल जसंच्या तसं. पेटवायचं आहे पण पेटवता येत नाही, असल्या कोणाचा तरी हात त्यावरून फिरलेला. झाम्फिरा गुडघे टेकून त्या गोळा करायची, पेटीत भरायची आणि कोणाला अवाक्षर बोलायची नाही. उंदीर असेल, असं मनाशी म्हणायची. पण दारापासून चुलीपर्यंतच्या पांढऱ्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, एक लांबलचक करडा पट्टा उमटला होता. वीज गेली की ग्लिगोर असाच भिंतीला हात लावून घरात चालायचा. तिने दोनदा चुना लावला. पट्टा दोन्ही वेळा वर आला, आणि दुसऱ्या वेळी जरा गडद.

वर्ष भरेपर्यंत गेलेलं माणूस वाटेवर असतं, असं तिथे मानतात. वर्ष सरलं की जे असेल ते कायमचं. म्हणून ती सुनेच्या दारात आली होती.

"चावून काय कळतं?" झाम्फिरा म्हणाली. "माझ्याच पेट्यांतल्या माश्यांनी केलेलं मेण आहे. मी स्वतः वितळवलंय. ते खोटं कसं?"

"बाबा पेट्यांत घालायला तयार पत्रे आणायचे ना? त्या जत्रेतल्या माणसाकडून?"

"आणायचे. स्वस्त द्यायचा तो."

"स्वस्त का द्यायचा?"

मधमाश्यांनी पोळं सरळ बांधावं म्हणून चौकटीत मेणाचा पातळ पत्रा बसवतात. ग्लिगोर वीस वर्षं ते पत्रे त्याच माणसाकडून घेत होता.

"त्यात निम्मं पॅराफिन असतं, आई. माश्या त्यावर पोळं बांधतात, तुम्ही ते वितळवता, त्याचीच ढेप करता. दर वर्षी थोडं थोडं मिसळत गेलंय. हे मेण फार पातळ वितळतं. तुमच्या धाग्याला झेपत नाही, वात आपल्याच तेलात बुडून मरते."

"पुरे तुझं शहाणपण. दाखव."

लेनुत्साने फळीवरची बाटली काढली. ग्लिगोरनेच गाळलेली प्लमची दारू होती. पेल्यात तीन बोटं ओतली.

"मेणबत्ती करणार की पिणार?"

"खरं मेण यात बुडतं. पॅराफिन तरंगतं." तिने ढेपेचा वाटाण्याएवढा तुकडा तोडून पेल्यात टाकला. तो खाली गेला नाही. वर आला आणि मजेत तरंगत राहिला.

झाम्फिराने बोटाने तुकडा खाली दाबला. तो पुन्हा वर आला. तिच्या डोळ्यांसमोर एकेक हात यायला लागला. ओआना म्हातारीचा हात, सुताराचा हात, घटसर्पाने गेलेल्या त्या मुलीचा एवढासा हात. सगळ्यांच्या मुठीत हेच मेण.

"मग ते सगळे?" तिने विचारलं.

"त्यांच्या जळल्या ना? हातात असताना जळत होत्या ना?"

"जळत होत्या."

"मग झालं तर. देव काही दाढेखाली घालून बघत नाही." लेनुत्साने पेला बाजूला सारला. "पण टेकडीवर, वाऱ्यात, सहा तास? हे नाही टिकायचं. जुनं काही नाही का तुमच्याकडे? आजेसासूबाईंच्या वेळचं? तेव्हा माश्या पोकळ ओंडक्यांत पोळी बांधायच्या, पत्रे नव्हते."

"नाही," झाम्फिरा म्हणाली. आणि उठून घरात गेली.

तिच्या पलंगाखाली लाकडी पेटी होती. पेटीत तिच्या मरणाचे कपडे, वेळेवर कोणाची धावपळ नको म्हणून दहा वर्षांपूर्वीच बांधून ठेवलेले. काळा घागरा, भरतकाम केलेला सदरा, नवे मोजे, डोक्याचा रुमाल. सदऱ्याच्या घडीत एक जाड, मधाच्या रंगाची मेणबत्ती होती. ग्लिगोरची. त्याच्या आईने त्याच्या लग्नात करून ठेवलेली, त्याच्या शेवटच्या घटकेसाठी. तिची वात पांढरीशुभ्र होती, एकदाही न पेटलेली.

ग्लिगोरला मरायची सवय होती. गुडघा दुखला, जेवणाला उशीर झाला, तुदोरचा फोन आला नाही, की बाकावरून हाक यायची, "झाम्फिरा, मेणबत्ती आण, मी चाललो!" पहिली काही वर्षं ती धावली. मग हसायला लागली. मग मान वर करून बघणंही सोडलं. गेल्या मार्चमधल्या त्या शुक्रवारी तिचे हात कोपरापर्यंत कणकेत होते. हाक आली. तिने खिडकीतून ओरडून सांगितलं, "रोजचं मेलं मरण तुझं! भट्टीत पाव आहेत. उद्या मर!"

त्याने दुसऱ्यांदा हाक मारली नाही. पाव काढून ती गेली तेव्हा त्याचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. बोटं अर्धवट मिटलेली, काहीतरी धरायला ठेवल्यासारखी. तळव्यावर एक मधमाशी चालत होती.

तीस माणसांना उजेड देणाऱ्या बाईने आपल्या नवऱ्याला उद्या मर म्हणून सांगितलं, हे गावाला कसं सांगायचं? तिने मेणबत्ती लपवली. आपण मरू तेव्हा कपड्यांबरोबर ती आपल्यासोबत जाईल, पलीकडे आपणच त्याच्या हातात देऊ, असं तिने ठरवलं होतं. पण तो थांबायला तयार नव्हता.

तिने मेणबत्ती नेऊन सुनेसमोर ठेवली. लेनुत्सा पांढऱ्या वातीकडे बघत राहिली. तिला नवल वाटलं नव्हतं, आणि ते झाम्फिराच्या लक्षात आलं.

"तुला ठाऊक होतं."

"मी दोरीवर चादरी वाळत घालत होते," लेनुत्सा म्हणाली. "त्यांची हाक ऐकली. तुमचंही ऐकलं."

चुलीवरचं पाणी उकळत होतं. दोघींपैकी कोणी उठलं नाही.

"आणि वर्षभर तोंड शिवून बसलीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत." मग लेनुत्सा हळूच म्हणाली, "काड्या मीही उचलते, आई. ज्या दिवशी मी आधी उठते त्या दिवशी."

उंदीर नाही तर. झाम्फिराच्या एकटीच्या डोक्यातलं खूळही नाही.

"अशीच लावू या का ही?" लेनुत्साने विचारलं.

"जिवंतपणी हातात दिली नाही, ती मेल्यावर तशीच लावत नाहीत. वितळवून नवी करायची. आणि..." ती अडखळली. उजेडाविना गेलेल्याची मेणबत्ती वर्षाच्या दिवशी कशी द्यायची ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? नदीत बुडालेल्यांसाठी तिने दोघा-तिघांकडून ते करवून घेतलं होतं. जवळच्या माणसाने मेणबत्तीवर हात ठेवून, लोकांसमोर, मोठ्याने सांगायचं की हा उजेडाविना गेला, का गेला, आणि हा उजेड त्याचा आहे. न सांगता लावली तर ती नुसती मेणबत्ती.

"सगळ्यांसमोर म्हणावं लागेल ना?" लेनुत्साने विचारलं.

"मी मनात म्हणेन."

"मनातलं त्यांना ऐकू जाईल का?"

"तू वात बघ!" झाम्फिरा खेकसली.

पुढचे तीन दिवस दोघी त्या उन्हाळी स्वयंपाकघरात होत्या. भांगेचा एकेरी धागा लेनुत्साने बाजूला टाकला. मधमाशीचं मेण दाट, त्याला ओढून घ्यायला वात जाड लागते. तिने तीन पेड घातले. झाम्फिराने ती वेणी उलगडून पुन्हा घातली, आणखी घट्ट, मिठाच्या पाण्यात भिजवली आणि चुलीवर वाळवली. बरण्यांवरून तर भांडणच झालं. काकडीची बरणी रुंद निघाली, मधोमध खड्डा पडून ज्योत त्यात उतरली आणि गुदमरली. दह्याचा पेला पातळ, तडकला. कॉफीची अरुंद बरणी काजळी धरायची. या चाचण्या साध्या मेणावर चालल्या होत्या, भरदुपारी, दार लावून. आणि प्रत्येक वेळी ज्योत घराच्या बाजूला झुकायची. आतल्या भिंतीवरच्या त्या करड्या पट्ट्याच्या दिशेने. लेनुत्सा बरणी फिरवून ठेवायची. ज्योत पुन्हा तिकडेच वळायची.

"वात वाकडी बसली असेल," झाम्फिरा म्हणाली.

"असेल," लेनुत्सा म्हणाली. दोघींनी वातीला हात लावला नाही.

शेवटी ग्लिगोर मध द्यायचा तसली, जाड काचेची, सरळ अंगाची पाव किलोची बरणी ठरली. शुक्रवारी जुनी मेणबत्ती वितळवली. घरभर असा वास सुटला की झाम्फिरा लग्नाच्या दिवसात जाऊन आली. बरणी आधी भट्टीत कोमट केली, नाहीतर मेण काचेपासून सुटतं. वात काडीला बांधून सरळ धरायचं काम झाम्फिराकडे होतं. तिचा हात हलला नाही. गार झालेली बरणी रात्री घरात आणून ठेवली. शनिवारी सकाळी फळीवरची काड्यापेटी रिकामी होती. काड्या या वेळी सांडलेल्या नव्हत्या. बरणीभोवती गोल मांडलेल्या होत्या, गुलं आत.

रविवारी टेकडीवर वारा सुटला होता. पाद्रीबाबांच्या झग्याचं शीड झालं होतं. श्राद्धासाठी शिजवलेल्या गोड गव्हाच्या परातीवर बायांनी चार बाजूंनी रुमाल धरले होते. झाम्फिराने थडग्यावर बरणी ठेवली आणि ज्योत लावली, तशी शेजारची फ्लोआरा म्हणालीच, "अगं बाई, झाम्फिरा, नवऱ्याचा मुरंबा घातलास काय?"

"तुझ्या नवऱ्याचा घालायची वेळ येईल तेव्हा साखर कमी घालीन. मुळात गोड माणूस," झाम्फिरा म्हणाली. दोघीचौघी हसल्या. फ्लोआराचा नवरा मागे उभा होता, तोही हसला.

प्रार्थना झाली. गहू वाटला, ब्रेड वाटला, दारूचे दोन थेंब मातीवर सांडले. ज्योत जळत होती. झाम्फिराने बरणीवर हात धरून मनातल्या मनात सगळं म्हटलं. ग्लिगोर, तू उजेडाविना गेलास, हा तुझा उजेड. ओठ हलवलेसुद्धा.

दोनच्या सुमाराला लोक निघायच्या बेतात होते, तेव्हा ज्योत बसायला लागली. बरणीत वारा पोचत नव्हता. तरी ती आधी निळी झाली. मग मण्याएवढी. मेणाचं तळं वातीच्या टोकापर्यंत चढलं होतं. झाम्फिराने हे चाळीस दिवस रोज पाहिलं होतं, पुढे काय होतं ते तिला ठाऊक होतं. तिला वाटलं, आपल्या मनगटाला कोणीतरी चाचपडत हात लावला. थंड, आंधळा हात, भिंत शोधणारा.

"थांबा!" ती ओरडली. फाटकापाशी पोचलेली माणसंही वळली.

"हा उजेडाविना गेला," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं तुम्हाला. त्याने मेणबत्ती मागितली. मी घरात होते, वीस पावलांवर. उद्या मर म्हणाले त्याला. माझे पाव जळत होते. ग्लिगोर, ऐकतोस ना? हा उजेड तुझा आहे. मी दिलाय. उशिरा दिलाय."

त्याच वेळी लेनुत्सा गुडघ्यांवर बसली होती. तिने बरणी तिरपी करून वर चढलेलं पातळ मेण मातीवर ओतून टाकलं. ज्योत फडफडली, वात मोकळी झाली, आणि पिवळी जीभ बरणीच्या तोंडाएवढी उंच उठली. तोंडातून निघालेल्या शब्दांनी उठली की ओतलेल्या मेणाने, ते त्या टेकडीवर कोणी विचारलं नाही. फ्लोआराने छातीवर क्रूस काढला. कोणी झाम्फिराच्या डोळ्यांत पाहिलं नाही. एकेक करून लोक उतरायला लागले, आणि या वेळी कोणी तिचा हात धरून तिला उतरवायला थांबलं नाही.

दोघीच उरल्या. सूर्य पलीकडच्या टेकडीमागे जाईपर्यंत बसून राहिल्या. मेण संपत आलं, तळाशी नाण्याएवढं उरलं, आणि वात तिथेच शांतपणे निजली. धूर सरळ वर गेला. झाम्फिराच्या मनगटावर आता काही नव्हतं.

लेनुत्साने रिकामी बरणी रुमालात गुंडाळली. "चला, आई. गार पडलंय. तुम्ही आज जे केलंत ते..."

"माझं कौतुक करू नकोस," झाम्फिरा म्हणाली. "खाली बस. वर्षभर गप्प बसलीस, आता मी सांगते ते गप्प ऐक. मेण तुला कळतं, वात कळते, हात सरळ आहे तुझा. हे मी चार लोकांत सांगेन. पण त्या दिवशी तूही ऐकलंस, लेनुत्सा. माझे हात कणकेत होते, तुझे तर मोकळे होते. त्याची मेणबत्ती कुठे असते ते तुला ठाऊक होतं. तू आली नाहीस, कारण मी ओरडले असते. माझ्या तोंडाला तू भ्यालीस, तोही भ्याला, म्हणून त्याने पुन्हा मागितली नाही. माझा दोष मी आज गावासमोर कबूल केला. तुझा गावाला सांगायचा नाही, तो माझ्याकडे राहील. पण तो आहे, आणि तो लहान नाही. माझी वेळ येईल तेव्हा मी शिव्या देईन, नको म्हणेन, उद्या ये म्हणेन. तू माझं ऐकायचं नाहीस, मेणबत्ती पेटवून हातात द्यायची. समजलं? तू चांगली सून आहेस, पण भित्री आहेस. आणि या घरात मला भित्री सून चालायची नाही."